श्वासाचा शेवटचा मुक्काम

म्हसावदहून राणीपूर ओलांडून तोरणमाळच्या रस्त्याला लागलं की सपाट शेतं हळूहळू संपतात. पपईच्या बागा, ऊस, कापूस, मिरची मागं राहते आणि सातपुडा समोर उभा ठाकतो. गाडीनं जाणाऱ्याला हा डोंगर नुसता दिसतो, पायी जाणाऱ्याला तो छातीत कळतो. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चढणारी बाई मध्येच एखाद्या वळणावर थांबते, मोळी दगडाला टेकवते आणि काही वेळ कोणाशी बोलत नाही. धाप ओसरली की पुन्हा चालू लागते. त्या दोन मिनिटांत तिनं जी हवा ओढून घेतली, ती गेली कुठं? तिचं शेवटी झालं काय? या पुस्तिकेची सगळी पानं या प्रश्नाच्या मागं चालत गेली आहेत.

वर्गात हा प्रश्न विचारला की पहिलं उत्तर लगेच येतं, "सर, फुप्फुसात गेली." मग मागच्या बाकावरून कोणी म्हणतं, रक्तात गेली. त्यापुढं शांतता. अकरावी-बारावीच्या मुलांना श्वसनसंस्थेची आकृती चोख काढता येते. नाक, श्वासनलिका, वायुकोश, सगळी नावं बरोबर असतात. दुसऱ्या प्रकरणातली पेशीची आकृतीही चोख असते. तिच्यात घड्या घातलेली एक लांबट कणिका आणि बाजूला नाव, तंतुकणिका. पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते, या प्रश्नाला एक गुण. या दोन आकृत्या एकाच प्रवासाची सुरुवात आणि शेवट आहेत, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात आलेलं नसतं. फुप्फुस हा फक्त दरवाजा. माणूस नुसता बसलेला असतानाही मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो, चढणीवर त्याच्या कितीतरी पट, आणि त्यातला बहुतांश ऑक्सिजन या कणिकांमध्ये संपतो. श्वासाचा शेवटचा मुक्काम तिथं आहे.

तंतुकणिका हे नाव मला आवडतं, कारण ते मूळ नावाशी प्रामाणिक आहे. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानं 1898 साली दोन ग्रीक शब्द जोडून 'मायटोकॉन्ड्रिऑन' हे नाव घडवलं. एकाचा अर्थ धागा, दुसऱ्याचा दाणा. त्याला त्या कधी धाग्यासारख्या दिसल्या, कधी दाण्यासारख्या. दोन्ही खरं आहे. जिवंत पेशीत त्या स्थिर बसून राहत नाहीत. सरकतात, एकमेकींना जोडल्या जाऊन लांब होतात, पुन्हा तुटतात. पुस्तकातली घेवड्याच्या बीसारखी आकृती हा एका क्षणाचा फोटो समजावा. जाडी एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या एका केसाच्या रुंदीत शेजारी शेजारी पन्नाससाठ सहज मावतील. यकृताच्या एका पेशीत त्या हजार-दोन हजार असतात. हृदयाच्या स्नायुपेशीत तर जवळजवळ एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते, कारण हृदयाला वळणावर थांबून मोळी टेकवायची सोय नाही.

आता आपल्याकडच्या मोहाकडे येतो. हा विषय मला मोहाच्या मडक्यातून जितका नीट कळला तितका कुठल्या आकृतीतून कळला नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, बायका-पोरं ती वेचतात, वाळवून ठेवतात. या फुलांत साखर भरपूर. ती पाण्यात भिजत घालून मडकं झाकून ठेवलं की काही दिवसांत त्यात बुडबुडे येऊ लागतात. यीस्टच्या पेशी साखर खात असतात. यीस्टलाही तंतुकणिका असतात. पण हवा नाही आणि साखर उदंड, अशा स्थितीत ती त्यांच्या वाटेला जात नाही. ग्लुकोजचे दोन तुकडे करते, त्यातून एटीपीचे दोन रेणू कमावते आणि उरलेलं अल्कोहोल म्हणून बाहेर टाकून देते. एटीपी म्हणजे पेशीतलं खर्चायचं नाणं. स्नायू आखडायचा असो, मज्जातंतूतून संदेश न्यायचा असो, नवं प्रथिन बांधायचं असो, प्रत्येक ठिकाणी हेच नाणं मोजावं लागतं. हवा असली आणि तंतुकणिका कामाला लागल्या, तर आपल्या पेशीत तसल्याच एका ग्लुकोजमधून तीसच्या आसपास नाणी पडतात. जुन्या पुस्तकांत 38 हा आकडा आहे. तो कागदावरचा हिशेब होता. वाटेत होणारी गळती आणि ने-आण करण्याचा खर्च वजा केला की 30 ते 32 उरतात, आणि पुढच्या प्रकरणांत तोच आकडा वापरला आहे.

मग उरलेली ऊर्जा गेली कुठं? ती अल्कोहोलमध्येच राहिली. पहिल्या धारेची दारू विस्तवावर टाकली तर भडका उडतो, हे या भागात लहान मुलांनीही पाहिलेलं असतं. तो भडका म्हणजे यीस्टला न घेता आलेली ऊर्जा. जी ज्वाला चुलीत एका क्षणात उठते, तीच ऊर्जा तंतुकणिका शांतपणे, सदतीस अंश तापमानात, अंगाला चटका न लागू देता काढून घेते. हे ती कसं करते, हा या विषयाचा गाभा आहे आणि इथं मी थोडा रेंगाळणार आहे.

ग्लुकोजचे पहिले तुकडे तंतुकणिकेच्या बाहेर होतात. तयार झालेलं पायरुविक आम्ल आत येतं, त्याचं असेटिल-को-एन्झाइम-ए होतं आणि ते क्रेब्ज चक्रात शिरतं. हान्स क्रेब्ज यांनी 1937 साली कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर काम करून हे चक्र मांडलं. कबुतरच का? त्याची छाती उडण्यासाठी सतत राबणारी, म्हणून तंतुकणिकांनी गच्च भरलेली आणि गडद लाल. कोंबडीची छाती पांढरी आणि तंगडी काळपट, याचंही एक कारण हेच. कोंबडी पायांवर जगते. चक्राच्या फेऱ्यात कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडतो आणि हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन वाहक रेणूंवर लादले जातात. आपण उच्छ्वासात टाकतो तो कार्बन डायऑक्साइड इथला. त्यातला ऑक्सिजन मात्र आत्ता श्वासात घेतलेला नसतो, तो अन्नातला आणि पाण्यातला असतो. इथं मुलं हमखास अडखळतात. अडखळावंच.

मग श्वासातला ऑक्सिजन काय करतो? तो शेवटी उभा असतो. वाहकांनी आणलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीवर उतरतात. कड्यावरून दगड लोटला तर तो एकदम दरीत आदळतो आणि सारी शक्ती वाया जाते. घाटाच्या वळणावळणांनी उतरला तर प्रत्येक वळणावर त्याच्याकडून थोडं काम करून घेता येतं. इलेक्ट्रॉन असेच पायरीपायरीनं उतरतात. सगळ्यांत खालच्या पायरीवर ऑक्सिजन त्यांना झेलतो, हायड्रोजनशी जोडला जातो आणि त्याचं पाणी होतं. चढणीवर थांबलेल्या त्या बाईच्या श्वासाचं शेवटी काय झालं? पाणी झालं. अशा रीतीनं आपल्या शरीरात रोज पाव लिटरच्या आसपास पाणी तयार होत असतं. ऑक्सिजन मिळाला नाही तर शेवटची पायरी अडते, मग तिच्यावरची, मग तिच्यावरची, आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. अन्न अंगात भरलेलं असतं. ते उतरून घ्यायला शेवटी कोणी नसतं, एवढंच.

प्रत्येक वळणावर करून घेतलेलं काम कोणतं? हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उपसणं. नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला धरण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली 33 गावं आली, ती याच जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि धडगावकडची, आणि त्यातली कित्येक कुटुंबं आज शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातल्या वसाहतींत राहतात. उंचावर साठवलेल्या पाण्यात ताकद असते हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही, सोसलेलं आहे. तंतुकणिकेच्या पटलामागे असाच साठा होतो, फक्त तिथं कोणाचं घर बुडत नाही आणि खाली उतरलेले प्रोटॉन साखळी पुन्हा वर चढवते. पटलाच्या दोन बाजूंत दीडशे मिलिव्होल्टपेक्षा जास्त दाब असतो. आकडा किरकोळ वाटेल, पण पटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. मीटरच्या मापानं हिशेब केला तर तो कोट्यवधी व्होल्टवर जातो. साठलेले प्रोटॉन एका प्रथिनाच्या चाकातून खाली येतात, चाक फिरतं आणि प्रत्येक फेऱ्याला एटीपीचे तीन रेणू पडतात.

ही कल्पना पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानं 1961 साली मांडली तेव्हा बरेच मोठे लोक ती मानायला तयार नव्हते. सगळे एखाद्या मधल्या रसायनाच्या शोधात होते आणि ते रसायन काही सापडत नव्हतं. मिचेलना 1978 साली नोबेल मिळालं. चाक खरोखर फिरतं हे जपानमधल्या संशोधकांनी 1997 साली डोळ्यांनी पाहिलं. त्याला चमकणारा एक धागा चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली तो गरागरा फिरताना दाखवला. आपल्या अंगात कोणत्याही क्षणी एटीपी असतं फार तर पाव किलो. दिवसभरात ते इतक्या वेळा मोडतं आणि पुन्हा घडतं की एकूण बेरीज आपल्या स्वतःच्या वजनाच्या घरात जाते.

या साखळीत एक मराठी नाव गुंतलेलं आहे आणि ते प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कमला भागवत, लग्नानंतर कमला सोहोनी. जन्म 1911. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. मुंबईतून पदवी घेतल्यावर 1933 साली त्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे या कारणानं त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून, वर्षभर काम पाहू असं म्हणत, त्यांना आत घेतलं गेलं. त्यांचं काम पाहिल्यावर संस्थेचा दरवाजा मुलींसाठी उघडला. पुढं त्या केंब्रिजला गेल्या. तिथं डेव्हिड केलिन यांनी 1925 साली दाखवून दिलं होतं की प्राण्यांच्या, यीस्टच्या आणि वनस्पतींच्याही पेशींत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त, रंगीत प्रथिनं आहेत आणि श्वसनाशी त्यांचा थेट संबंध आहे. रॉबिन हिल यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंनी बटाटा घेतला आणि त्यात सायटोक्रोम सी शोधून काढलं. 1939 साली 'नेचर'मध्ये सपुष्प वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर हिल आणि भागवत यांचं टिपण आलं आणि त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली, विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

सायटोक्रोम सी हा आपण मघाशी पाहिलेल्या घाटातला शेवटून दुसरा हमाल. इलेक्ट्रॉन घेऊन तो शेवटच्या पायरीपर्यंत पोचवतो. तो बटाट्यात सापडला याचा अर्थ काय, हे घटकाभर मनात घोळवावं. मातीखाली निपचित पडलेला बटाटा आणि घाट चढणारी बाई एकाच यंत्रानं श्वास संपवतात. कमलाबाई पुढं देशात परतल्या, कुन्नूरला पोषणशास्त्रावर काम केलं, मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि तिथल्या संचालकही झाल्या. नीरा, डाळी, तांदळाचं पीठ यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह काम केलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरेचा काय उपयोग होतो हेही पाहिलं. पेशीच्या सगळ्यांत आतल्या खोलीतून निघालेली ही बाई अखेर गरिबाच्या ताटापाशी येऊन थांबली, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी बसून तिच्याबद्दल लिहिताना मला ती परकी वाटत नाही.

यंत्र एकच आहे, याचा दुसरा पुरावा आपल्या शेतात आहे, आणि तो जपून वाचावा. मिरचीवरच्या कोळीसाठी फेनाझाक्विन, फेनपायरॉक्सिमेट फवारतात. ही औषधं कोळीच्या तंतुकणिकेतल्या साखळीची पहिली पायरी अडवतात. भुरीसाठी वापरलं जाणारं अॅझॉक्सिस्ट्रोबिन बुरशीची तिसरी पायरी अडवतं. कपाशीवर पांढऱ्या माशीसाठी मारलं जाणारं डायाफेन्थियुरॉन रूप बदलून थेट ते फिरतं चाक जाम करतं. धान्यात ठेवायच्या गोळ्यांमधून निघणारा फॉस्फिन वायू शेवटच्या पायरीवर बसतो, सायनाइड बसतं तिथंच. कीटक मरतो आणि आपण वाचतो ते मुख्यतः मात्रेमुळं, आणि आपलं यकृत यातली काही औषधं लवकर मोडून टाकतं त्यामुळं. आपली साखळी वेगळी आहे म्हणून नव्हे. उघड्या अंगानं फवारणी करणारा माणूस, आणि गोळ्या ठेवलेल्या धान्याच्या खोलीत बाळाला घेऊन झोपणारं कुटुंब, यांनी ही एक गोष्ट समजून घ्यावी यासाठी एक अख्खं प्रकरण दिलं आहे. फॉस्फिनवर उतारा नाही.

आपल्या शरीरात एक पेशी अशी आहे जिच्यात तंतुकणिका नसतात. तांबडी रक्तपेशी. हाडांच्या मगजात ती तयार होताना केंद्रक टाकून देते, तंतुकणिकाही टाकून देते, आणि मग सुमारे 120 दिवस सगळ्या शरीराला ऑक्सिजन वाहून नेते. स्वतः त्यातला कणही वापरत नाही. मोहाच्या मडक्यातल्या यीस्टसारखी ग्लुकोज तोडून दोन-दोन नाण्यांवर गुजराण करते. पाठीवर धान्याचं पोतं आणि त्यातला दाणाही तोंडात न घालणारा हमाल म्हणावा तशी.

आपल्या जिल्ह्यात या पेशीचं नाव घेतलं की पुढचा शब्द सिकलसेल येतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, एवढाच मूळ बदल. आईबापांपैकी एकाकडून तो आला तर एएस, म्हणजे वाहक. दोघांकडूनही आला तर एसएस, म्हणजे रुग्ण. ऑक्सिजन सोडून दिल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून दोरे बनतं, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि पलीकडच्या तंतुकणिका शेवटच्या पायरीवर वाट पाहत उभ्या राहतात. ती हाडं फोडणारी कळ आपल्यातल्या अनेकांनी घरात पाहिली आहे. थंडी, पाणी कमी पडणं, अतिश्रम, यांनी ती का उठते हे या साखळीवरून सरळ उलगडतं. अलीकडच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली आहे. सिकलसेलच्या रुग्णांत काही तांबड्या पेशी प्रौढ झाल्यावरही तंतुकणिका टाकून देत नाहीत. त्या वाहून न्यायचा ऑक्सिजन वाटेतच खर्च करतात आणि पेशीला घातक असे उपपदार्थ तयार करतात. यावरून काही उपचार निघतील का, याचा शोध चालू आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झालं. तपासणी करून घेणं, लग्नाआधी एकमेकांचा हिमोग्लोबिनचा पॅटर्न माहीत असणं, हे त्यातलं आपल्या हातातलं काम.

तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, 16,569 अक्षरांचा, 37 जनुकांचा. तिचे पूर्वज कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होते आणि दुसऱ्या पेशीत वस्तीला आले, ही लिन मार्गुलिस यांनी 1967 साली जोरकसपणे मांडलेली गोष्ट आज सर्वमान्य आहे. हा डीएनए आपल्याला फक्त आईकडून मिळतो. इथं मला एक काळजी वाटते. मूल अशक्त झालं की बोट आईकडे दाखवायची सवय आपल्या घरांना आहे आणि हे वाक्य त्या सवयीच्या हातात पडू नये. तंतुकणिकेला लागणाऱ्या हजाराहून अधिक प्रथिनांपैकी फक्त 13 या डीएनएवर लिहिलेली आहेत. बाकी सगळी केंद्रकातून, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून येतात. तंतुकणिकेचे कित्येक आजारही दोघांकडून येतात. जो आजार आईच्या बाजूनं येतो, त्यातही तिचा हात नसतो.

पुस्तिकेतले प्रयोग शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकावर होतील असे निवडले आहेत. कांद्याच्या आतल्या पातळ पापुद्र्यावर जेनस ग्रीन या रंगाचा अगदी सौम्य थेंब टाकून थांबायचं. तंतुकणिका निळसर हिरव्या दिसू लागतात, कारण सायटोक्रोम ऑक्सिडेज, तीच शेवटची पायरी, तिथं रंग टिकवून धरते. बाकी पेशीत तो हळूहळू विरतो. पहिल्या खेपेला दिसलं नाही तर रंग आणखी पातळ करावा, घाई करू नये. हिरवे ठिपके सरकताना दिसले की समजावं, कांदा श्वास घेतो आहे.

पहिलं प्रकरण मात्र बटाट्यापासून सुरू होतं.